पटावर कोण, सभागृहात कोण

१८८२च्या ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे ठेवलेले निवेदन आपल्याकडे बहुधा शिक्षणाच्या इतिहासातला एक टप्पा म्हणून वाचले जाते. माझ्या मते ते राज्यकारभाराबद्दलचेही तितकेच महत्त्वाचे निवेदन आहे. जोतीरावांचा हिशेब सरळ होता. सरकारच्या तिजोरीतला बराचसा पैसा रयतेच्या घामाचा. तो खर्च होतो वरच्या वर्गातल्या मुलांच्या उच्च शिक्षणावर. शिकून तीच मुले कचेऱ्यांत बसतात. आणि रयत अर्ज घेऊन त्या कचेरीत येते तेव्हा तिचे दुःख जाणणारा तिथे कोणी नसतो. वर ओतलेली विद्या आपोआप खाली झिरपेल, हा त्या काळच्या सरकारचा भरवसा त्यांनी खोडून काढला. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, खेड्यांतल्या शाळांसाठी शेतकरी जातींतले शिक्षक तयार करा, असे त्यांनी मागितले. हे मागणारा माणूस पुणे नगरपालिकेचा सभासद राहिलेला होता. निर्णय कुठे आणि कसे होतात, हे त्याने आत बसून पाहिले होते.

या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो. मूल कोणत्या शाळेत जाते आणि त्याच्यावर राज्य कोण करते, हे दोन प्रश्न आपण दोन कपाटांत ठेवून दिले आहेत. शाळेचा प्रश्न शिक्षण विभागाचा, प्रतिनिधित्वाचा प्रश्न निवडणूक आयोगाचा आणि राखीव जागांचा. पुस्तकातले सगळे लेख मिळून ही वाटणी नाकारतात, आणि ती नाकारली पाहिजे असे मलाही मनापासून वाटते. निर्णय घेणाऱ्याचे स्वतःचे मूल, भाचा, नातू यांपैकी कोणीच ज्या शाळेत बसत नाही, त्या शाळेला सभागृहात प्रतिनिधी नसतो. तिथल्या पालकांनी दर निवडणुकीत रांगा लावून मतदान केलेले असले तरी नसतो.

शाहू महाराजांना हे अनुभवाने कळले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी करवीर संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, हे सगळ्यांना माहीत असते. त्या जागांवर बसायला शिकलेली माणसे लागतात आणि ती तयार करायला शाळा अन् वसतिगृहे लागतात, हा त्या हुकमाचा दुसरा अर्धा भाग त्यांनी पुढची पंधरा-वीस वर्षे खपून पुरा केला. कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी राहिली. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला गेला. कचेरीतली खुर्ची आणि शाळेतले बसकर यांचे नाते इतके स्पष्ट ओळखणारा राज्यकर्ता आपल्याला पुन्हा क्वचितच मिळाला.

ब्रिटिश मुलखात मात्र याच सुमारास उलटे घडत होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. सक्ती एकदम देशभर लावा असेही त्यांचे म्हणणे नव्हते. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे तयार असतील तिथे टप्प्याटप्प्याने, इतकेच. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. विरोधात मत देणाऱ्यांत सरकारी अधिकारी होते आणि जमीनदारही होते. ज्या मुलांसाठी तो कायदा होता त्यांच्या घरातला एकही माणूस त्या दालनात नव्हता, आणि त्या काळच्या मताधिकाराच्या नियमांनी तो असूही शकत नव्हता.

ही अनुपस्थिती नेमक्या शब्दांत मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. जानेवारी १९१९ मध्ये, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. त्यांचा मुद्दा आज पुन्हा वाचावा असा आहे. एखाद्या वर्गाची मते दुसऱ्या कोणी सभागृहात मांडली म्हणजे त्या वर्गाचे प्रतिनिधित्व झाले, असे त्यांना मान्य नव्हते. त्या वर्गातली माणसे स्वतः तिथे बसली पाहिजेत. कारण प्रत्येक वर्ग आपल्या जगण्याच्या अनुभवातून विचार करतो आणि ज्याचा अनुभव नाही त्याचा विचार करणे त्याला सुचतही नाही. पुढे १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाल्यावर त्यांच्या पहिल्या भाषणांपैकी एक शिक्षणाच्या खर्चावरचे होते. शिक्षण हे खाते फायद्या-तोट्याच्या हिशेबाने चालवायचे नसते, ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यापर्यंत ते स्वस्त होऊन गेले पाहिजे, असे ते तिथे मांडत होते. सभागृहात जागा मिळाल्याबरोबर त्यांनी शाळेबद्दल बोलावे, हा योगायोग नाही.

महाराष्ट्राचे एक भाग्य असे की सरकारने जे केले नाही ते इथे काही काळ समाजानेच केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीत आणणारे वसतिगृह काढले. विदर्भात पंजाबराव देशमुखांनी शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. मुंबईत आणि औरंगाबादेत आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीची कॉलेजे आली. स्वातंत्र्यानंतर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या आणि शिक्षण समितीचा सभापती हा गावाकडचा, ओळखीचा, रस्त्यात गाठता येणारा माणूस झाला. त्या दोन-तीन दशकांत सरपंचाचा मुलगा, तलाठ्याची मुलगी आणि शेतमजुराची पोरे एकाच बसकरावर बसत होती. सगळे छान होते असे मी म्हणत नाही. दलित मुलांना बाजूला बसवणारे मास्तर होते, मुलींची गळती भयंकर होती, आणि पाड्यांवर शाळाच नव्हती. तरीही छप्पर गळले तर सभापतीच्या घरचे पोरही भिजायचे. त्या पिढीतून आलेले आमदार, सनदी अधिकारी, प्राध्यापक, पत्रकार मोजायला बसले तर महाराष्ट्राचे अर्धे सार्वजनिक जीवन त्यांनीच चालवले असे दिसेल.

हीच व्यवस्था देशभर पक्की करावी असे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात सुचवले होते. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. परिसरातली सगळी मुले परिसरातल्याच शाळेत जातील, जात-वर्ग-धर्म न पाहता, अशी समान शाळा व्यवस्था त्यांना हवी होती. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ती तत्त्वतः स्वीकारली. पुढे तिचे काय झाले हे आपल्या गल्लीत सकाळी सात वाजता उभ्या राहणाऱ्या पिवळ्या बसगाड्यांवरून कळते.

महाराष्ट्रातल्या वळणाचे वर्ष म्हणून १९८३ सांगितले जाते. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. मुलांना इथेच शिकता यावे, कर्नाटकात जाऊन देणग्या भराव्या लागू नयेत, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा होता, आणि त्या कॉलेजांनी हजारो घरांत पहिला इंजिनीअर आणला हेही खरे. मात्र एकदा संस्था काढणारा आणि सरकार चालवणारा हे बऱ्याच ठिकाणी एकच होऊ लागले, तेव्हा शुल्क ठरवणे, मान्यता देणे, तपासणी करणे या सगळ्या बाबतींत पालकाच्या बाजूने बसणारा माणूस टेबलावरून उठला. नव्वदीनंतर हीच लाट खाली शाळांपर्यंत आली: आधी इंग्रजी माध्यम, मग केंद्रीय बोर्ड, मग आंतरराष्ट्रीय. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि त्या वाटेला रीतसर दरवाजा मिळाला.

शाळा सोडून गेलेल्या वर्गाबरोबर नेमके काय जाते, हे अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या एका छोट्या पुस्तकात सांगून ठेवले आहे. संस्था ढासळू लागली की लोकांपुढे दोन रस्ते असतात, बाहेर पडणे किंवा आत राहून आवाज उठवणे. शाळेच्या बाबतीत गुणवत्तेची सर्वांत जास्त काळजी करणारे, अर्ज लिहू शकणारे, अधिकाऱ्याला फोन करू शकणारे पालक सगळ्यांत आधी बाहेर पडतात. म्हणजे ज्यांच्या आवाजाने शाळा सावरली असती, तेच निघून जातात. आपल्याकडे हे शब्दशः घडले. शाळेतला शिक्षक स्वतःच्या मुलाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतो, ग्रामसेवक जिल्ह्याच्या गावी घर करतो, आमदाराची मुले पुण्यात. उरलेल्या पालकांना शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली: तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया. कागदावर इतके चांगले प्रतिनिधित्व विधानसभेतही नाही. विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती लागू नाही. त्यामुळे दिवसाची मजुरी बुडवून बैठकीला येणाऱ्या आईने दोन शिक्षकांच्या मागणीचा ठराव करायचा, आणि तो ठराव ज्यांच्या टेबलावर जातो त्यांच्या घरात जिल्हा परिषदेची शाळा ही आठवणीतली गोष्ट झालेली असते.

मग ठराव कुठे अडतो याचा शोध घेताना आणखी एक गोष्ट समोर येते, आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत गंभीर वाटते. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिला, कारण इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद न्यायालयात होता आणि निवडणुका झाल्या नाहीत. त्या काळात या शाळांबद्दलचे किती निर्णय झाले पाहा. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. अशा शाळा चौदा हजारांहून अधिक होत्या. २०२४ मध्ये संचमान्यतेचे निकष बदलले, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक हे ठरवण्याचा पायाच बदलला. ज्या संस्थेच्या या शाळा, तिच्यात बहुतेक जिल्ह्यांत त्या वेळी निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. शिक्षण समिती नव्हती, सभापती नव्हता. पालकांनी भेटायचे कोणाला?

त्याच २०२४च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत बदल केला. कायद्याच्या कलम १२ प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशस्तरावरच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात; त्यांचे शुल्क सरकार भरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे कलम वैध ठरवले आहे. नव्या नियमाने म्हटले की सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागा देण्याची गरज नाही. शहरांत अशी शाळा एक किलोमीटरच्या आत जवळपास सगळीकडेच असते. म्हणजे तरतूद कागदावर राहिली आणि शाळा तिच्यातून निसटल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली, जुलैत तो रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. प्रक्रिया जुन्या नियमांनी पुन्हा सुरू झाली तेव्हा लाखभर जागांसाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले.

या तरतुदीबद्दल माझे मन एकसंध नाही. सोडतीत नाव लागलेले मूल जिल्हा परिषदेच्या शाळेतून उठते, त्याच्याबरोबर आणखी एक धडपडी आई त्या शाळेतून जाते, आणि मागे राहिलेल्यांचा आवाज आणखी क्षीण होतो. सरकारकडून परताव्याचे पैसे वर्षानुवर्षे थकतात, त्यामुळे शाळा या मुलांकडे ओझे म्हणून पाहतात, हेही आहे. तरी ड्रायव्हरचा मुलगा आणि त्याच्या मालकाची मुलगी एका बाकावर बसतील अशी आज दुसरी कोणतीही कायदेशीर जागा आपल्याकडे उरलेली नाही. म्हणून ती वाचली याचा मला आनंद आहे. ती न्यायालयात वाचली, सभागृहात नाही, याची काळजीही आहे.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. शाळा नीट न देणाऱ्या राज्याने शाळा शिकला नाही म्हणून नागरिकाला सत्तेबाहेर ठेवावे का? हरियाणाने २०१५ मध्ये पंचायत निवडणूक लढवण्यासाठी किमान शिक्षणाची अट घातली आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्याच सुमारास राजस्थाननेही अशी अट घातली. तिथे ती २०१९ मध्ये काढून टाकली गेली. महाराष्ट्रात २०१७ पासून १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या सरपंचपदाच्या उमेदवाराला सातवी पास असावे लागते. आमदाराला ही अट नाही, खासदाराला नाही, मुख्यमंत्र्याला नाही, आणि नसावीच. औपचारिक शिक्षण फार न झालेल्या वसंतदादांनी हे राज्य एकापेक्षा जास्त वेळा चालवले आहे. अट फक्त गावच्या पातळीवर आहे, जिथे ऊस तोडताना किंवा धाकट्या भावंडांना सांभाळताना पाचवीत शाळा सुटलेली बाई उभी राहू शकली असती. दुसरीकडे आपल्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या मतदारसंघातून भरल्या जातात. घटनेच्या १७१ व्या कलमाने हे ठेवले तेव्हा त्यामागे काही विचार होता. आज पदवी असलेल्या माणसाला सभागृहात एक जास्तीचे दार आणि पदवी नसलेल्याला नाही, याचे समर्थन करणे मला जमत नाही.

इंग्लंडमध्ये या विषयाची चर्चा आपल्यापेक्षा मोकळी आहे आणि त्याचे एक कारण असे की तिथे मोजणी होते. सहाव्या हेन्रीने १४४० मध्ये सत्तर गरीब मुलांसाठी स्थापन केलेल्या ईटन शाळेतून पुढे वीस पंतप्रधान निघाले. खासगी शाळांत तिथली जेमतेम सात टक्के मुले शिकतात. २०२४ च्या निवडणुकीनंतर हाउस ऑफ कॉमन्समध्ये अशा शाळांतून आलेल्या सभासदांचे प्रमाण सुमारे २३ टक्के होते, आणि आजवरचे ते सर्वांत कमी होते. न्यायाधीश, संपादक, सनदी अधिकारी यांचीही अशीच मोजणी तिथे अधूनमधून प्रसिद्ध होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयामुळे उमेदवाराची मालमत्ता, खटले आणि सर्वोच्च पदवी शपथपत्रात येते. तो प्राथमिक शाळा कुठे शिकला आणि त्याची मुले कुठे शिकतात, हे त्यात नसते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये उत्तर प्रदेश सरकारला सांगितले होते की सरकारी तिजोरीतून वेतन घेणाऱ्या सर्वांची मुले सरकारी प्राथमिक शाळेत जातील अशी व्यवस्था करा. ती झाली नाही. मुलांवर अशी सक्ती करणे मला पटत नाही, पण न्यायालयाने ओळखलेले कारण अचूक होते. निदान माहिती मागायला काय हरकत आहे? शपथपत्रात एक रकाना वाढवायचा आहे.

शेवटी ऊसतोड कामगारांबद्दल, कारण या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग त्यांचा आहे आणि तो तसा असणे योग्य आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांनी जितके आमदार, खासदार आणि मंत्री घडवले तितके दुसऱ्या कोणत्याही संस्थेने नाहीत. १९५० मध्ये प्रवरानगरला सुरू झालेल्या कारखान्यापासून पुढे सभासद शेतकऱ्यांच्या मुलांसाठी कारखान्याच्या आवारात शाळा आल्या, कॉलेजे आली. सभासद म्हणजे ज्याचा ऊस आहे तो. तोडणारा सभासद नाही. कारखान्याच्या निवडणुकीत त्याला मत नाही. बीड, जालना, अहिल्यानगरच्या कोरडवाहू गावांतून मुकादमाकडून उचल घेऊन कोयते निघतात, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, आणि बरोबर पोरे. कारखान्यांवरच्या साखरशाळा एके काळी थोडाफार आधार होत्या; आता बहुतेक भार गावातल्या हंगामी वसतिगृहांवर आहे, जिथे मूल आजीच्या भरवशावर राहते किंवा राहत नाही. नोव्हेंबर ते मार्च शाळेच्या पटावर नाव असते आणि मूल कोपीत असते.

याच महिन्यांत मतदारयादीतही नाव असते आणि मतदार गावात नसतो. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली. टोळ्या निघण्याचे तेच दिवस. देशांतर्गत स्थलांतरितांना आहे तिथून मतदान करता यावे म्हणून निवडणूक आयोगाने २०२३ च्या जानेवारीत दूरस्थ मतदान यंत्र राजकीय पक्षांपुढे ठेवले, पक्षांनी शंका घेतल्या, आणि ते पुढे सरकले नाही. शाळेतली गैरहजेरी आणि मतदानातली गैरहजेरी एकाच माणसाच्या, एकाच हंगामात, एकाच उचलीपायी घडते. हे दोन प्रश्न वेगळे आहेत असे ज्याला अजूनही वाटत असेल, त्याने पुस्तकाचा हा भाग आधी वाचावा आणि शाहू-आंबेडकरांवरच्या लेखांकडे नंतर यावे. त्यात टोळ्यांमधल्या आयांनी सांगितलेल्या गोष्टी संपादकांनी फार न घासता, बोलीत आहेत तशा ठेवल्या आहेत. काही ठिकाणी मागण्या अगदी छोट्या आहेत: वसतिगृह दिवाळीच्या आधी सुरू व्हावे, कारखाना बंद झाल्यावर परतलेल्या मुलाला त्याच वर्गात बसू द्यावे, मतदानाच्या दिवशी गाडीभाडे आणि मजुरी कोणी द्यायची हे आधी ठरावे.